पाच वाजताचं पाणी

शून्यकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका नळाशी भांडत होते. डायलिसिस विभागात माझी नुकतीच बदली झाली होती. सकाळचे साडेपाच वाजले होते आणि मागच्या खोलीतून आवाज येत होता, "काल बजावलं होतं ना, गळायचं नाही म्हणून? मग हे काय?" मला वाटलं, कुणाची तरी खरडपट्टी चाललीय. डोकावून पाहिलं तर हे एकटेच, हातात पाना आणि समोर नळ. मला बघून जरासुद्धा ओशाळले नाहीत. "नवीन सिस्टर का? चपला बाहेर काढा," एवढंच म्हणाले.

ती खोली म्हणजे आमच्या विभागाचं पोट. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत अशी माणसं आठवड्यातून तीनदा आमच्याकडे यायची. चार-चार तास खुर्चीत पडून राहायची. त्यांचं रक्त यंत्रातून फिरून, धुऊन निघून परत अंगात जायचं. धुणार कोण, तर पाणी. एका माणसाला एका बैठकीला सव्वाशे लिटर लागायचं. मध्ये फक्त एक पातळ पडदा, त्याच्या एका बाजूला रक्त आणि दुसऱ्या बाजूला पाणी. आपण पाणी पितो तेव्हा वाटेत पोट असतं, आतडी असतात, यकृत असतं, कुणी ना कुणी सांभाळून घेतं. इथे मध्ये कुणीच नाही. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. पिणाऱ्याचं त्यानं काही बिघडत नाही, पण तेच पडद्यापलीकडे पोचलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. म्हणून पाणी आधी कोळशानं भरलेल्या दोन उंच टाक्यांतून जायचं. क्लोरीन कोळशात अडकायचं आणि पाणी पुढे जायचं.

टाक्यांच्या पुढे तो भांडणाचा नळ होता. काका तिथलं पाणी काचेच्या नळीत घ्यायचे, तपासणीच्या रसायनाची पुडी टाकायचे, दोन मिनिटं थांबायचे. पाणी गुलाबी झालं तर क्लोरीन निसटलंय असं समजायचं. तसंच राहिलं तर शून्य. भिंतीवर पाटी होती, 'रोज सकाळी, पहिला रुग्ण लागण्यापूर्वी'. काकांची ड्यूटी सहाला सुरू व्हायची, पण पाचच्या ठोक्याला ते हजर असायचे. "सहाला आलो आणि गुलाबी निघालं तर? निस्तरायला वेळ नको?" असं त्यांचं म्हणणं. सहाला माणसं खुर्च्यांत बसायला लागली की ते दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "शून्य!" मग हातात सुया टोचून घ्यायला लोक निमूटपणे बाह्या वर करायचे. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं.

"काका, काकू हाकलतात का हो तुम्हाला इतक्या लवकर?" मी विचारायचे.

"ती उठायच्या आत सटकतो, म्हणून तर संसार टिकलाय," काका म्हणायचे.

दहावी नापास, मूळचे प्लंबर. पण कामात कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती. मुलाचं लग्न होतं त्या दिवशीसुद्धा आधी येऊन पाणी तपासलं, वहीत शून्य लिहिलं आणि मग जाऊन नवरदेवाचे वडील झाले. अशी माणसं मला फार आवडतात आणि त्यांचा रागही येतो, कारण त्यांच्या शेजारी आपण आळशी दिसतो.

चार नंबरच्या खुर्चीत मास्तर असायचे. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मूत्रपिंडं गेली तरी शिकवणं काही गेलं नव्हतं. त्यांची मुलगी त्यांना सकाळी आणून सोडायची, दहाला न्यायला यायची. मधले चार तास मास्तरांना वर्ग लागायचा आणि आम्ही सगळे विद्यार्थी.

आमच्या पेशंटांना पाणी मोजून मिळतं, दिवसाला तीन कप. प्यायलेलं पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडं नाहीत, मग ते अंगात साठतं, फुफ्फुसात चढतं. बारा तहानलेली माणसं ओळीनं पडलेली आणि भिंतीपलीकडे दिवसभर पाण्याचा खळखळाट. कोपऱ्यातला एक टॅक्सीवाला तर ओरडायचाच, "ते दार लावा हो, वेड लागेल." मास्तर मात्र जिभेवर बर्फाचा एक खडा ठेवायचे आणि म्हणायचे, "हा पाण्यावर तरंगतो हे आपलं नशीब. बुडला असता तर तळी तळापासून गोठत गेली असती. एक मासा वाचला नसता." स्टीलच्या ट्रेवर पडलेला थेंब दाखवायचे, "बघा, कसं स्वतःला घट्ट धरून बसलंय. असं एकमेकाला धरत धरत हे झाडाच्या शेंड्यापर्यंत चढतं." आणि एकदा म्हणाले, "पाण्याचा स्वभाव भिडस्त. कुणाला नाही म्हणता येत नाही त्याला. मीठ घाला, साखर घाला, विष घाला, सगळं पोटात घेतं आणि तोंडावर काही दिसू देत नाही."

काकांचं आणि त्यांचं मेतकूट जमलं. नऊ-सव्वानऊला खोलीतली कामं आटोपली की काका चार नंबरपाशी स्टूल ओढून बसायचे. एकदा मास्तरांनी त्यांना घरी मनुका भिजवायला लावल्या. एका वाटीत साधं पाणी, दुसरीत साखरेचा घट्ट पाक. साध्या पाण्यातल्या टम्म फुगल्या, पाकातल्या सुकलेल्याच राहिल्या. रक्तातल्या पेशीसुद्धा साध्या पाण्यात अशाच फुगतात आणि फुटतात, म्हणून यंत्रात पाण्याला मीठ बेताचं लागतं, हे मास्तरांनी समजावलं. काका खूश झाले. तर मास्तर म्हणतात, "दोन्ही वाट्या एकाच जागी होत्या ना?"

"नाही. एक खिडकीत, एक ओट्यावर."

"मग उन्हामुळे फुगल्या कशावरून नाहीत? परत करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यात तर कशामुळे काय झालं ते देवालासुद्धा सांगता येणार नाही."

काकांनी परत केलं. मास्तरांचं दुसरं एक सांगणं होतं. आपलं खरं आहे हे दाखवायला प्रयोग करायचा नसतो, आपलं कुठे चुकत असेल ते हुडकायला करायचा असतो. मला हे तेव्हा विचित्र वाटलं होतं. चुका हुडकायला आमच्याकडे मेट्रन होत्या, तेवढ्या पुरे होत्या.

त्या उन्हाळ्यात शहराच्या तलावात पाणी तळाला गेलं. गढूळ पाण्यासाठी पाणीपुरवठा खात्यानं क्लोरीन वाढवलं. आम्हाला कुणी कळवलं नाही, आणि आम्ही कुणी विचारलंही नाही. काकांच्या वहीत रोज शून्य येत होतं. पण आमची माणसं पांढरी पडायला लागली. जिना चढताना धापा टाकायची. टॅक्सीवाला दार लावा म्हणायचा थांबला, तेव्हा खरं तर मला कळायला हवं होतं. मोठ्या डॉक्टरांनी रक्त वाढायची इंजेक्शनं दुप्पट केली आणि म्हणाले, या रोगात असं होतंच.

त्या दिवशी मास्तर सकाळपासून गप्प होते. साडेनऊला काका स्टूल घेऊन बसले. मी शेजारच्या यंत्रापाशी होते, त्यामुळे पुढचा प्रत्येक शब्द मी माझ्या कानांनी ऐकलाय. मास्तरांनी डोळे न उघडताच विचारलं, "तुम्ही पाणी तपासता ते किती वाजता हो?"

"पाचला," काका म्हणाले, छाती जराशी फुगवून. "तुम्ही सगळे यायच्या आधी."

मास्तरांनी डोळे उघडले. काकांकडे टक लावून बघितलं. "आणि त्याच्या आधी रात्रभर..." एवढं म्हणाले आणि पाठीला हात लावून कळवळले. यंत्र बोंबलायला लागलं. मी यंत्र थांबवलं, डॉक्टरांना हाक मारली, मास्तरांचं रक्त काढून तपासायला पाठवलं. त्यांना अतिदक्षता विभागात नेताना ते मान वळवून वळवून काकांकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी ते गेले. कागदावर हृदयविकार लिहिलं.

पंधरा दिवसांनी चार नंबरला दुसरा माणूस लागला. काका त्या खुर्चीच्या बाजूनं जाईनासे झाले, लांबून वळसा घालायचे. मी एकदा टोकलं तर शांतपणे म्हणाले, "बसलेत ना ते."

"कोण?"

"मास्तर. रोज साडेनऊला येतात. बोलत काही नाहीत, नुसते बघतात. ते वाक्य पुरं करायचंय त्यांना."

हे त्यांनी मला भरल्या विभागात सांगितलं, चारी खिडक्यांतून ऊन येत होतं, टॅक्सीवाला घोरत होता. मी म्हटलं, "काका, चार दिवस रजा घ्या." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ट्रे उचलून पुढच्या खुर्चीकडे गेले. काकूंकडून कळलं की घरी ते पाण्याचे पेले भरून ठेवतात आणि त्यांच्यासमोर बसून राहतात. पेल्यांवर वेळेच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. "मला हात लावू देत नाहीत. पेले पुरत नाहीत म्हणून आता आम्ही चहाच्या कपात पाणी पितोय," काकू म्हणाल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

मग एका सोमवारी काका साडेनऊला मागच्या खोलीतून बाहेर आले. हातात दोन नळ्या होत्या. त्या माझ्यासमोर धरल्या. एक बिनरंगी आणि दुसरी गुलाबी.

"ही पाचची," ते म्हणाले. "आणि ही आत्ताची."

मी म्हटलं, "पुडी खराब असेल."

"एकाच पाकिटातल्या आहेत."

"मग नळी."

"अदलाबदल करून बघितली. नळ तोच, पुडी तीच, हात माझाच. फक्त वेळ बदललीय."

तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. मोठ्या डॉक्टरांना त्यांनी लगेच सांगितलं. डॉक्टरांनी त्याच तासाला यंत्रं बंद केली आणि आमची माणसं दुसऱ्या दवाखान्यांत पाठवली, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण काकांनी टाक्या लगेच उघडू दिल्या नाहीत. तीन दिवस मागितले. रोज यंत्रं रिकामीच चालवून दिवसातून सहा वेळा पाणी घेतलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सिस्टर, माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. मला गुलाबी दिसावं असं वाटतंय की दिसू नये, तेच कळत नाही. नळ्या तुम्ही भरा, तुमच्या खुणा घाला, मला वेळ सांगू नका."

मी भरल्या. खुणांचा कागद ॲप्रनच्या खिशात ठेवला. त्यांनी बारा नळ्या खिडकीपाशी धरून दोन ढीग केले. मी कागद काढून ताडून पाहिलं. बिनरंगी ढिगात पहाटेच्या सगळ्या होत्या आणि गुलाबी ढिगात यंत्रं सुरू झाल्यानंतरच्या सगळ्या. एकही इकडची तिकडे नव्हती. काका स्टुलावर बसले. आपलंच चुकलेलं निघावं म्हणून इतका जीव तोडून प्रयत्न केलेला माणूस मी परत पाहिला नाही.

कारण ऐकायला सोपं होतं. कोळसा थकला होता, आणि पाण्यात क्लोरीनही जास्त होतं. दिवसा बारा यंत्रं ओढ घ्यायची तेव्हा पाणी टाक्यांतून धावत जायचं आणि थकलेल्या कोळशाला ते पकडता यायचं नाही. पण रात्री यंत्रं बंद. टाकीतलं पाणी रात्रभर कोळशात निवांत पडून राहायचं आणि उरलंसुरलं सगळं क्लोरीन सोडून द्यायचं. पहाटे पाचला काका जे पाणी तपासत होते ते शहरातलं सगळ्यात स्वच्छ पाणी होतं. ते पाणी कुणाच्याच रक्ताला लागत नव्हतं. एखादा कामचुकार माणूस आठला डोळे चोळत आला असता तर त्याला पहिल्याच दिवशी गुलाबी दिसलं असतं.

कोळसा बदलला. पाटी बदलली, दर चार तासांनी, यंत्रं चालू असताना. दीड महिन्यात आमची माणसं लाल झाली आणि टॅक्सीवाला पुन्हा दारावरून ओरडायला लागला. मोठ्या डॉक्टरांनी काकांना बोलावलं, मलाही बोलावलं. चहा मागवला.

"तुम्ही विभाग वाचवलात," डॉक्टर म्हणाले.

"मास्तर पाण्यानं गेले का?" काकांनी विचारलं.

"तुम्ही नियमाप्रमाणे काम केलंत. तुमचा काही दोष नाही."

"दोषाचं विचारत नाही मी. पाण्यानं गेले का, हो की नाही?"

"नाही. हृदय आधीच कमजोर होतं."

"कशावरून?" काका म्हणाले. "त्या दिवशी त्यांचं रक्त काढलं होतं. पेशी फुटलेल्या असल्या तर त्यात दिसलंच असेल."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, तो रिपोर्ट?"

मी म्हटलं, "फाइलमध्ये नाही."

हे खोटं नव्हतं. फाइलमध्ये तो नव्हताच, माझ्या कपाटात होता. आता सांगून टाकते. मास्तरांचं रक्त पाठवलं त्याच दिवशी दुपारी लॅबमधून चिठ्ठी आली होती, 'नमुना खराब, पेशी फुटलेल्या, परत पाठवा'. नळी थोडा वेळ उभी ठेवली की वर पिवळसर पाणी यायला हवं, ते लाल आलं होतं. रक्त काढताना सिरिंज जोरात ओढली तर असं होतं, म्हणून लॅबवाले अशा वेळी नर्सच्या नावानं खडे फोडतात. लॅब असल्या नमुन्यांची नोंद ठेवत नसे, नळी फेकून द्यायची आणि चिठ्ठी पाठवायची. त्या महिन्यात ती माझी सातवी चिठ्ठी होती. पाचवीनंतर मेट्रननी चार जणींसमोर मला विचारलं होतं, हात थरथरतो का आता? विभागाच्या मुख्य सिस्टरच्या जागेसाठी माझं नाव गेलं होतं. मी चिठ्ठी घडी घालून आधीच्या सहांबरोबर कपाटात टाकली. मास्तरांना वर नेलं होतं, परत रक्त काढणं माझ्या हातात नव्हतं, आणि मला वाटलं, माझाच हात चुकला असेल. तेव्हा खरंच वाटलं होतं.

पण डॉक्टरांच्या खोलीत बसले होते तेव्हा वाटत नव्हतं. तोवर काकांच्या नळ्या मी माझ्या हातांनी भरल्या होत्या. आदल्या रात्री मी साती चिठ्ठ्या पलंगावर मांडून बसले होते. माणूस यंत्राला लावण्याआधी काढलेलं एकही रक्त परत आलं नव्हतं. साती नमुने यंत्र चालू झाल्यानंतरचे होते. हात तोच, सुई तीच. एकच गोष्ट बदलली होती.

म्हणजे उत्तर 'हो' होतं. ते माझ्याकडे लिहून ठेवलेलं होतं आणि मी चहा पीत होते. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतका त्यांचा माझ्यावर विश्वास होता. महिन्याभरात ती जागा मला मिळाली.

पुढचं वर्ष काकांचं कठीण गेलं. मास्तर रोज साडेनऊला यायचे ते यायचेच. काका मास्तरांच्या मुलीकडे जाऊन आले, सगळं सांगितलं. ती बिचारी म्हणाली, बाबा थकलेच होते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मुलानं सांगितलं, सुनेनं सांगितलं, डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं. सगळ्यांच्या तोंडी एकच, मनाला लावून घेऊ नका. जो तो त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला धावत होता आणि ते ओझं त्यांचंच आहे हे कुणी कबूल करत नव्हतं. काका दिवसातून तीस-तीस वेळा पाणी तपासायला लागले. एकदा टाक्यांच्या मागे बसून मोठ्यानं वाद घालताना सापडले. "तुम्हीच सांगा ना मास्तर, पुरावा कुठून आणू?" असं म्हणत होते. मी दारात उभी होते. तेव्हा मी बोलायला हवं होतं. दोन पावलं आत टाकली असती तर झालं असतं. मी वळून माझ्या नव्या टेबलापाशी जाऊन बसले.

त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं. तिथल्या कागदावर लिहिलं गेलं की आपल्यामुळे माणूस दगावला असा भ्रम. गोळ्या सुरू झाल्या आणि ते घरी बसले. निरोपाच्या कार्यक्रमात भाषण मी केलं. चांगलं झालं, लोक म्हणाले.

त्याला आठ वर्षं झाली. मोठे डॉक्टर गेले. मास्तरांची मुलगी घर विकून दुसऱ्या देशात गेली, पत्ता कुणाकडेच नाही. दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. आणि आता सकाळी भांडी घासताना नळ सोडला की माझा हात थबकतो. मला मास्तर दिसत नाहीत. मला काका दिसतात, टाक्यांच्या मागे बसलेले, पुरावा मागणारे. मी नळ बंद करते तरी ते बोलतच राहतात. मला भीती वाटते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमचे हे म्हणतात, भांड्यांना बाई लाव.

गेल्या गुरुवारी मी ती चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि काकांकडे गेले. इतर सहा कधीच फाडल्या होत्या, ही फाडता आली नव्हती.

काकूंनी दार उघडलं. मला मिठीच मारली. "बघा तरी, किती सुधारलेत," म्हणाल्या. काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. गाल भरले होते, शर्ट इस्त्रीचा. मला ओळखलं, हसले. माझ्या दुखऱ्या गुडघ्याचं विचारलं. घरात कुठे पेले मांडलेले नव्हते. काकू चहा ठेवायला आत गेल्या आणि मी बोलायला सुरुवात केली. मध्ये थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सगळं सांगितलं. सात चिठ्ठ्या, यंत्राआधीचे नमुने, नंतरचे नमुने, मेट्रन, माझी जागा. चिठ्ठी उलगडून त्यांच्या मांडीवर ठेवली. "काका, तुमचं बरोबर होतं. मास्तर पाण्यानंच गेले. तुम्ही वेडे नव्हता. पुरावा माझ्याकडे होता."

त्यांनी चष्मा लावला. चिठ्ठी वाचली, तारीख वाचली. पाठीमागून उलटून बघितली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओरडले असते, रडले असते, माझ्या थोबाडीत मारली असती तर मी ती आनंदानं खाल्ली असती.

"सिरिंज जोरात ओढली की असं होतं," काका म्हणाले.

"नाही ओढली हो मी. आधीचे नमुने चांगले आले होते. तोच हात, तीच सुई. तुम्हीच नाही का दाखवलंत, एकच गोष्ट..."

"सिस्टर," ते माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. नळावर ओरडणारा तो माणूस त्यात कुठेच नव्हता. "मास्तरांचं हृदय कमजोर होतं. पाण्याचा काही संबंध नाही. मलाही असंच वाटायचं, फार वाटायचं. तो आजार असतो. गोळ्यांनी जातो."

"काका, हे वाचा ना परत."

"वाचलं की." त्यांनी चिठ्ठीची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "तुम्ही झोपत नाही ना हल्ली? डोळ्यांवरून कळतं." मग आत वळून हाक मारली, "अगं, त्या आपल्या डॉक्टरांचा नंबर दे गं सिस्टरना. फार चांगले आहेत, सगळं ऐकून घेतात."

काकू चहा आणि कागद-पेन घेऊन आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं आणि कागद-पेन माझ्यापुढे सरकवलं. त्या एकेक आकडा सावकाश सांगत गेल्या आणि मी लिहून घेतला.